साफ केलेला आवाज

“आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?” चष्मेवाल्याने भिंग बदलून चौथ्यांदा विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, कारण दुकानातल्या स्पीकरवर आमचं गाणं लागलं होतं. सकाळचे साडेनऊ. हनुवटी लोखंडी पट्टीवर टेकलेली, नाकावर ते जड यंत्र, समोर लहान होत गेलेली अक्षरं, आणि आधी पोटात जाणवणारा तो ठोका, मग त्याच्यावर बाईंचा आवाज, अरबी शब्द, शेवटचं अक्षर लांबवत वर जाणारे. चाळीस सेकंदांचाच तुकडा होता, सोमवारी लोकांच्या चवीपुरता सोडलेला. अख्खं गाणं शुक्रवारी यायचं होतं. आपलं काम असं अचानक बाहेर ऐकू आलं की मी गुपचूप लोकांच्या तोंडाकडे बघते. आपण केलेली भाजी पंगतीत कोणी दुसऱ्यांदा मागतंय का, हे बघावं तसं. म्हणून मी उघड्या डोळ्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. वयस्कर माणूस, बोलण्याच्या ढंगावरून अरबी त्याच्या घरची भाषा असावी हे कळत होतं. तो भिंग पुसता पुसता ऐकत होता. आवाज वर चढला, ठरलेल्या जागी जाऊन थांबला, आणि दुखऱ्या दाताला गार पाणी लागावं तसा त्याने चेहरा केला. मग हात लांब करून त्याने आवाज कमी केला. “का हो? नाही आवडलं?” मी विचारलं. “गाणं चांगलंय की. आमची नात दिवसभर नाचते यावर. गाणारी बाईही चांगली आहे, जुन्या वळणाची. पण या जागी आमच्यात जो सूर लागतो ना, तो असा ताठ उभा राहत नाही. जरासा खाली असतो. सगळा जीव तिथेच असतो. येत नसेल असं नाही, एवढं गाते म्हणजे येतच असणार. घाबरली असेल बिचारी.” आणि भिंग फिरवून तो म्हणाला, “आता?” मी म्हटलं, “आता काहीच दिसत नाही.” त्याने चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि मी पावती न घेताच बाहेर पडले.

घाबरली असेल. रस्ता ओलांडताना, सिग्नलला उभी असताना, पादचारी पुलाच्या पायऱ्या चढताना ते शब्द पायात पायात येत होते. ती घाबरली नव्हती. त्या सुरावर माझा हात फिरला होता. माझं काम म्हणजे लोकांचे आवाज साफ करणं. पडद्यावर आवाजाची एक वळवळणारी रेघ दिसते, तिच्या मागे आडव्या पट्ट्या असतात, कीबोर्डावर असतात तेवढ्याच, एका सप्तकात बारा. रेघ पट्टीवर नीट बसली म्हणजे सूर बरोबर. बसली नसेल तर मी ती माऊसने धरते आणि बसवते. श्वास कमी करते, थुंकीचा आवाज काढते, घसा खरवडला असेल तर गुळगुळीत करते. तेवीस वर्षं झाली. धंद्यात मला सगळे इस्त्री म्हणतात. “इस्त्रीकडे दे, आवाजाला एक सुरकुती ठेवणार नाही,” असं कोणीतरी एकदा म्हणालं आणि मला तो मोठा मान वाटला होता. आता पुलावर उभं राहून खालच्या गाड्यांकडे बघताना मला त्या माणसाचा राग आला, नाव आठवेना तरीही आला. अंगात गेल्या काही महिन्यांपासून एक सवय शिरली आहे, कुठे थांबलं की बोटं आपोआप हवेत काहीतरी वर ढकलतात. तेच करत होते. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून पिशवी जवळ घेतली.

गाण्याची कल्पना दणक्याची. दणक्या म्हणजे आमच्या स्टुडिओचा संगीतकार, नाचाची गाणी करतो, त्याची गाणी वाजली की शेजारच्या इमारतीच्या काचा थरथरतात, म्हणून दणक्या. माणूस मनाचा सरळ. केस कापायला गेला होता, तिथे न्हाव्याने बाईंची जुनी कॅसेट लावलेली, तर अर्धे केस कापलेल्या अवस्थेत उठून हा विचारायला लागला, ही कोण, कुठे राहते. बाई चाळीस वर्षं लग्नांत आणि मैफलींत गायलेल्या, आता भाच्याकडे राहत होत्या, आणि गळ्यात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया दोन महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी ठरलेली. त्याच्या आधीच्या मंगळवारी त्या येऊन गायल्या. “गुरुवारनंतर माझ्याकडे काय उरेल ते डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून आज उरकून घेते,” असं म्हणाल्या आणि हसल्या, मी त्यांना तेव्हा जिन्यात ओझरतं पाहिलं. गुरुवारनंतर त्यांच्याकडे कुजबूज उरली. म्हणजे ते गाणं त्यांचं शेवटचं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्यावर एरवीपेक्षा दुप्पट मेहनत घेतली. हे मला आता सगळ्यात जास्त बोचत होतं. त्यांची रेघ एका ठराविक जागी दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत होती. सदतीस वेळा तो सूर आला आणि सदतीस वेळा तिथेच. जो माणूस सदतीस वेळा नेमका एकाच ठिकाणी चुकतो तो चुकत नसतो, एवढी अक्कल मला असायला हवी होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं होतं. हात थांबला होता माझा. पण मग वाटलं, गळ्यात गाठ आहे बिचारीच्या, पोचत नसेल आवाज. दया आली. दया आली की मी फार नीट काम करते. सदतीसच्या सदतीस जागा उचलून वरच्या पट्टीवर बसवल्या. दणक्याने ऐकलं आणि टाळी दिली. “आता माझ्या कीबोर्डाशी कसं मिळतंय बघ! आधी कुठेतरी भांडत होतं.” भांडतच होतं ते, आणि मी एका बाजूचं तोंड बंद केलं होतं.

स्टुडिओत पोचले तेव्हा दहाला दहा कमी होते. अकरा वाजता बाई गाणं ऐकायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटल्यावरच अख्खं गाणं पुढे जायचं, तसा दणक्याने शब्द दिला होता. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून संगणक सुरू केला, मूळ ध्वनिमुद्रण शोधायला लागले, आणि शोधताना मला पक्कं माहीत होतं की ते सापडणार नाही. मूळ मी ठेवतच नाही. साफ केलेलं पुढे पाठवायचं आणि न केलेलं पुसून टाकायचं, दुसऱ्या डिस्कवरची प्रतसुद्धा. हा माझा नेम आहे, कोणी सांगितलेला नाही. तरी मी एकेक कप्पा उघडत होते, घरभर किल्ल्या शोधताना आपण साखरेचा डबासुद्धा उघडून बघतो तसं.

हा नेम ताईपासूनचा. मी बावीसची होते, याच धंद्यात नवी, आणि ताई सव्वीसची. ताई घरात भांडी घासताना गायची तर मी अभ्यास सोडून ऐकत बसायची. मीच तिला घेऊन गेले स्टुडिओत, मुलांच्या एका कार्यक्रमासाठी अंगाईगीत हवं होतं. ती माईकसमोर उभी राहिली आणि तिचं अवसान गळालं. गायली, पण सूर पडत होते, एका ठिकाणी तर आवाज फाटला. काम दुसरीला मिळालं, त्याचं काही नाही. पण पुढच्या आठवड्यात मालकाचा वाढदिवस होता, भर दुपारी सगळे कागदी बशांतून केक खात होते, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने त्याचा खास साठा लावला. फजितीची टेप म्हणायचे त्याला. कोण कुठे चुकलं, कोणाला मधेच शिंक आली, कोण बेसूर झालं, सगळ्यांचं जोडून ठेवलेलं. मोठमोठ्यांची अब्रू त्या टेपवर होती. लोक डोळे पुसून हसत होते. तिसरा का चौथा आवाज ताईचा लागला. मी ओळखला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, त्यांना माहीत होतं की माझी बहीण, आणि मी हसले. कानकोंडं व्हायला नको म्हणून हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. ताई दारात उभी होती. मी घरी विसरलेली छत्री द्यायला आली होती. तिने छत्री दाराशी उभी केली आणि गेली. त्याच दिवशी सगळे पांगल्यावर मी ती टेप काढून तिचा तुकडा पुसला, आणि घरी जाऊन तिला सांगितलं, पुसून टाकलं हं मी, आता कोणी ऐकणार नाही. ती बरं म्हणाली. त्यानंतर ती भांडी घासताना नळ मोठा सोडायची. तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही गाणाऱ्याचं कच्चं काही मी मागे ठेवलेलं नाही. याचा मला अभिमान होता. दुसऱ्या कोणाला काही सांगायचं झालं तर मी हेच सांगत असे, की माझ्याकडे माणसाची लाज झाकली जाते.

साडेदहाला मी ताईला फोन लावला. का लावला ते मला सांगता येणार नाही, बसवत नव्हतं एवढं खरं. ती एका शाळेच्या कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर बसते. “बोल पटकन, रांग आहे,” ती म्हणाली. मी म्हटलं, “ताई, तुझी ती टेप मी पुसली होती, आठवतंय?” पलीकडे शिक्का मारल्याचा आवाज आला. “आज काय हे मधेच?” “सांग ना.” “आठवतंय की. तुम्ही हसलात ते?” “ते पण.” “अगं, हसण्याचं मी केव्हाच सोडून दिलं. हसण्यासारखंच असेल ते. पण मला एकदा ऐकायचं होतं गं, नक्की किती वाईट होतं ते. तू पुसलं म्हणालीस तेव्हा वाटलं, बापरे, इतकं? पुसूनच टाकावं लागलं इतकं?” मी माऊस बाजूला सारला. “मग म्हटलं जाऊ दे, नकोच ते गाणं. बरी आहेस ना तू? डोळे दाखवलेस का?” “दाखवले,” मी म्हटलं. “चष्मा लाव आता, टाळू नकोस. हां, पुढे या, जन्मतारखेचा कागद आणलाय का?” हे तिने खिडकीतल्या कोणाला तरी विचारलं आणि फोन ठेवला. मी पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. तेवीस वर्षांत किती जणांचं पुसलं असेल, मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून खुर्ची आत-बाहेर सरकवत बसले.

बाई बरोबर अकराला आल्या. गळ्याभोवती राखाडी रुमाल, मांडीवर दोन्ही हातांत धरलेली पर्स, ताठ बसलेल्या. दणक्याने त्यांच्यासाठी चांगली खुर्ची ओढून आणली, स्वतः कोपऱ्यात उभा राहिला आणि गाणं लावलं. मी बाईंच्या बोटांकडे बघत होते. पहिल्या ओळीला बोटं पर्सवर ठेका धरायला लागली, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की जे मला बघवेना, जुना फोटो अचानक सापडावा तसला आनंद. मग ती जागा आली आणि बोटं थांबली. पुन्हा चालू झाली, पुन्हा ती जागा, पुन्हा थांबली. तिसऱ्या कडव्यापर्यंत हात नुसतेच पर्सवर पडले होते. दणक्याचा पाय मात्र शेवटपर्यंत हलत होता. “कसं वाटलं?” त्याने विचारलं. बाई बोलल्या तेव्हा आम्हा दोघांना पुढे वाकावं लागलं. “ठेका छान आहे. पोरं नाचतील.” मग म्हणाल्या, “म्हणजे माझा आवाज त्या मंगळवारीच गेला होता तर.” “छे हो! काय बोलताय! एक सूर इकडेतिकडे नाही झाला,” दणक्या म्हणाला आणि कौतुकाने माझ्याकडे बघून घेतलं. “त्या जागी माझ्या आईने मला दोन वर्षं रडवलं होतं,” बाई त्याच कुजबुजीत म्हणाल्या. “पुढे चाळीस वर्षांत मी तिथे कधी चुकले नाही. त्या दिवशी इथून घरी गेले ते खुशीत गेले. वाटलं, गळा जाऊ दे, आज बरोबर गाऊन झालं. वेडी मी. स्वतःचं स्वतःला कळेनासं झालं होतं.” त्या हसल्या आणि पर्स सावरली. “असू दे. लोकांना काय कळतंय. होऊ दे तुमचं गाणं.”

आता फक्त गप्प बसायचं होतं. त्या उठणार, दणक्या त्यांना खालपर्यंत सोडायला जाणार, शुक्रवारी गाणं येणार, मी महिना-दोन महिन्यांत विसरणार. गप्प बसण्याची मला सवय आहे, माझं सगळं कामच एका खोलीत गप्प बसून होतं. पण त्यांनी पर्सचा चाप दोनदा लावून बघितला, आणि मला कळलं की ही बाई आता घरी जाऊन चाळीस वर्षं मागे जाणार, एकेक मैफल आठवून बघणार, की तिथे तरी बरोबर लागला होता का. “तुम्ही चुकला नव्हता,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. “मी चुकवलं. तुमचा सूर मधे होता, मला वाटलं पडलाय, म्हणून मी उचलून वर ठेवला. सगळीकडे.” दणक्या आधी हसला. मग म्हणाला, “बरं मग, मूळ काढ. अर्ध्या तासाचं काम आहे.” “मूळ नाहीये.” “नाहीये म्हणजे?” “पुसलं. मी नेहमीच पुसते.” “कोणाला विचारून?” तो ओरडला. तो कधी ओरडत नाही. “त्यांचं शेवटचं होतं ते! इस्त्री, अगं कोणाला विचारून?” मी म्हटलं, “कोणालाच नाही,” आणि लाजेने माझे कान तापले. तो खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. “तू ऐकलं होतंस?” त्यांनी मला विचारलं. “मी गायले ते?” “हो.” “किती वेळा?” “दोनशे वेळा तरी. एकेक जागा परत परत ऐकावी लागते.” “मग सांग, कसं होतं?” मी ते चूक ठरवलं होतं, आता मीच सांगायचं. “दर वेळी त्याच जागी होतं. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.” “दर वेळी?” “सदतीस वेळा.” त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि तरी त्या हसत होत्या, हे मी स्वतः पाहिलं. “म्हणजे खुशीत गेले ते बरोबरच होतं,” त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग दणक्या परत आला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मधोमध आण. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे.” मी पहिली जागा मधोमध आणली. वाजवलं. बाईंनी मान हलवली. “हा फुटपट्टीने मोजलेला.” जरा खाली घेतला. नाही. जरा वर. नाही. “प्रत्येक मकामात तो वेगळा बसतो,” त्या म्हणाल्या. मकाम म्हणजे त्यांच्या गाण्यातली सुरांची घडण, हे दणक्याने मला कधीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. “मी तुम्हाला दाखवते,” असं म्हणून बाईंनी सवयीने पाठ सरळ केली, तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला. आम्ही तिघांनी तीन दिशांना बघितलं. कीबोर्डावर तो सूर नव्हता, यंत्रात नव्हता, त्यांच्या गळ्यात नव्हता. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “हिच्या कानात आहे. दोनशे वेळा ऐकलाय. गा तू.” मी म्हटलं, “मी नाही गात. मला येत नाही.” “मला गाणं नकोय. तो एक सूर लाव.” दणक्याने माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला. “रेघ मी हलवतो,” तो म्हणाला, “तू सूर धर.”

मी उभी राहिले, बसून जमेना. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते चिरकं होतं, आणि तेही थेट वरच्या पट्टीवर जाऊन बसलं, इतकं नीट की दणक्याला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. हसला असता तरी मी काही म्हणाले नसते. तेवीस वर्षांत माझा स्वतःचा गळासुद्धा मी त्याच बारा खुंट्यांना टांगून ठेवला होता. बाईंनी तळहात हवेत धरला आणि थोडा खाली केला. मी खाली आले, फार खाली आले. हात वर गेला. इतक्या उजेडात दोन माणसांसमोर मी माझा न साफ केलेला आवाज घेऊन उभी होते आणि पळून जावंसं वाटत होतं. तिसऱ्यांदा सूर हलला. चौथ्यांदा जवळ आलं आणि निसटलं. “विचार करू नकोस,” बाई म्हणाल्या, “आठव.” मी डोळे मिटले आणि मंगळवारचा तो आवाज आठवला, माझ्या हाताने उचलण्याआधीचा, गाठीसकट, वर न जाणारा आणि खालीही न येणारा, आणि तिथे गेले. काहीतरी छातीत जागच्या जागी बसलं. बाईंचा हात हवेत स्थिर झाला होता. दणक्याने रेघ हलवायला सुरुवात केली, माझा आवाज आणि स्पीकरमधला त्यांचा आवाज यांच्यात, दोन सूर नीट जुळले नाहीत की ऐकू येते तशी, एक गरगर होती, ती हळूहळू कमी होत चालली. “हाच,” बाई म्हणाल्या. “हाच तो. आता सोडू नकोस.” माझा श्वास संपला होता. मी सूर सोडला नाही.